वायसरच्या अकरा पेट्या

त्याचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा आणि बायकोची झोप मोडू नये म्हणून चहा न घेताच बाहेर पडायचा. वीस मिनिटं चाललं की तळं, तळ्याकाठी आमची शेड. सव्वापाचला शेडचं कुलूप निघायचं. मी साडेसहाला पोचायचो तेव्हा त्याचं अर्धं काम उरकलेलं असायचं. चोवीस वर्षं मी हे पाहिलं. एकदाही उलटं झालं नाही.

आमच्याकडे सहलीच्या अकरा बोटी होत्या. लोक तास-दोन तासांसाठी भाड्याने घ्यायचे, चालक आमचा असायचा. मी इंजिनं बघायचो. तो पेट्या भरायचा. म्हणजे प्रत्येक बोटीत दुरुस्तीच्या सामानाची एक लोखंडी पेटी असे. बोट पाण्याच्या मधोमध बंद पडली तर चालकाला तिथंच काहीतरी करता यावं, एवढ्यासाठी. ऐकायला हलकं काम वाटतं. अकरा पेट्या रोज भरून बघा.

संध्याकाळी पेट्या परत यायच्या त्या ओल्या, अर्धवट, एकीचं सामान दुसरीत. चालक म्हणजे चालवणारे लोक. काढलेली वस्तू जागेवर ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. एकाने पक्कड अक्रोड फोडायला घेतलेली असायची, दुसऱ्याने चिकटपट्टी बुटाच्या तळव्याला लावलेली. हा सकाळी प्रत्येक पेटी टेबलावर पूर्ण रिकामी करायचा. एकेक पाना पुसायचा, दिव्याच्या उबेत वाळवायचा, तेलाचं बोट फिरवायचा, आणि पुन्हा भरायचा. त्या दिवशी तीनच बोटी पाण्यात जाणार असल्या तरी भरायच्या अकराच. मी एकदा म्हटलं, "आठ पेट्यांचे कष्ट फुकट घालवतोस."

तो म्हणाला, "तू जेवला नाहीस त्या दिवशी दात घासत नाहीस का?"

त्याला सगळे वायसर म्हणायचे. नटाखाली बसते ती चपटी चकती, तिला आम्ही वायसर म्हणतो. अंगाने तो तसाच, चपटा, चेहरा गोल. आणि कुठे फट राहिली, कुठे गळायला लागलं, की हा तिथं हजर. नावाचं त्याला काही वाटायचं नाही. उलट म्हणायचा, "वायसर नसेल तर तुमचे मोठमोठे नट सैल पडतात."

पेटी भरण्याचा त्याचा एक नियम होता. भरून झाली की पेटी कानाशी धरायची आणि जोरात हलवायची. आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे कुठेतरी पोकळी आहे, आणि पोकळी आहे म्हणजे काहीतरी राहिलंय. हातोडी, पक्कड, तीन पाने, प्लगचा पाना, दोन पेचकस, करवतीचं पातं, तार, चिकटपट्टी, जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, सुटे प्लग, बोटीच्या पंख्याच्या पिना, चिंध्या. हे सगळं त्याने असं एकात एक बसवलं होतं की झाकण लावल्यावर पेटी उलटी करून आदळली तरी आत दगड भरल्यासारखी गप्प. नवा चालक आला की आम्ही त्याला हा खेळ दाखवायचो. वायसर लांब उभा राहून दुसरीकडे बघायचा, पण कान टवकारलेले असायचे.

लहान वस्तू तो तळाला ठेवायचा, कारण फटी तळाला असतात. मोठ्या वस्तू वर. टेबलावर बघितलं तर यात काहीच चूक नव्हती. मीही चोवीस वर्षं बघितलं, मलाही दिसली नाही.

त्याला न दिसण्याचं कारण एकच. वायसर कधी बोटीत बसला नव्हता.

लहानपणी तो पाण्यात पडला होता. कुणीतरी केसांना धरून बाहेर काढला. पुढे केस गेले, भीती राहिली. धक्क्याच्या लाकडी फळ्यांवर तो यायचा, गुडघे टेकायचा, हात लांब करून पेटी बोटीतल्या चालकाच्या हातात द्यायचा आणि मागे सरकायचा. धक्क्याची शेवटची फळी हीच त्याची हद्द. कामगारांच्या घरच्यांना वर्षातून एकदा फुकट फेरी मिळायची. त्याच्या बायकोला फार हौस. दर वर्षी विचारायची, दर वर्षी हा म्हणायचा, "पुढच्या सुटीत." वहिनी माझ्यासमोरच त्याला सुनवायच्या, "तुमची पुढची सुटी आणि आपल्या नळाचं पाणी. वाट बघता बघता माणसाला झोप लागते."

त्याच्या टेबलाच्या वर भिंतीला एका कपाटाचं छापील चित्र टाचलेलं होतं. स्टीलचं, चाळीस कप्प्यांचं, प्रत्येक कप्प्याला नाव लिहायची जागा. घरच्या हत्यारांसाठी त्याला ते घ्यायचं होतं. पगारातून महिन्याला थोडं बाजूला पडायचं. चित्र पिवळं पडलं तरी ते खाली आलं नाही.

मी सांगतोय तो दिवस साधा कामाचा होता. त्या आठवड्यात बोटींना रंग द्यायचा होता, म्हणून आठ बोटी काठावर ओढून ठेवल्या होत्या. पाण्यात तीनच. त्यातल्या दोन एका शाळेच्या सहलीला घेऊन पलीकडच्या काठाला गेलेल्या, चारच्या आत येणार नव्हत्या. राहिली सात नंबरची. बंद पडलेली बोट ओढून आणायला आमची एक जाडजूड बोट असायची. चालकही पेटी उपसण्यापेक्षा तिचीच वाट बघायचे. पण त्या दिवशी तिचं इंजिन माझ्या टेबलावर सुटं होऊन पडलं होतं. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. बारानंतर वारा सुटला.

दीड वाजता तिकिटाच्या खिडकीवरच्या बाई शेडमध्ये आल्या. त्या खिडकी सोडून कधी येत नसत, तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला.

"मिस्त्री, सात नंबर अजून आली नाही. साडेबाराला यायला हवी होती."

"कोण घेऊन गेलंय?"

"बांबू."

बांबू म्हणजे आमचा सर्वांत उंच चालक. वाकून बोलायचा, घाईत नसायचा. मी म्हटलं, "बांबू असेल तर गप्पा मारत बसला असेल. बोटीत कोण आहे?"

बाई वायसरकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. वहिनी आहेत. त्यांची धाकटी बहीण पाहुणी आलीये ना, तिला घेऊन अकराला आल्या. तिकीट काढलं. म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, आल्यावर मीच सांगते, चेहरा बघायचाय मला ह्यांचा."

त्याचा चेहरा तेव्हा आम्ही बघितला. त्याने चिंधी टेबलावर ठेवली, घडी करून. म्हणाला, "सात नंबरची पेटी मी आज स्वतः भरलीये."

मी म्हटलं, "सगळ्याच तू भरतोस."

"सगळं आहे तिच्यात," तो म्हणाला. "काही राहिलेलं नाही."

आम्ही धक्क्यावर गेलो. तळ्याच्या मध्ये टेकडीचं एक नाक पाण्यात शिरलेलं आहे, त्यापलीकडचं दिसत नाही. वारा नेमका तिकडेच जात होता, आणि त्या टोकाला बंधारा. बंधाऱ्यावरून त्या दिवसांत पाणी वाहत होतं. वल्ही होती बोटीत, पण एवढ्या वाऱ्याविरुद्ध एकटा माणूस बोट जागेवर धरू शकतो, पुढे आणू शकत नाही. नांगर होता, पण तिथला तळ गुळगुळीत खडकाचा. नांगर घसरत जातो. हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"इंजिन जोडायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"सव्वा तास."

"चल."

आयुष्यात मी बरीच इंजिनं जोडली, पण तसं जोडलं नाही. मी हात पुढे केला की हवं तेच हातात पडायचं. मागावं लागलं नाही. मधेमधे तो पुटपुटत होता, माझ्याशी नव्हे. "प्लग दोन आहेत. पिना दोन आहेत, गोळ्यांच्या डबीत. पक्कड आहे. तार आहे." पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "पुरे आता." तो थांबला आणि ओठ हलवत राहिला. सव्वा तासाचं काम चाळीस मिनिटांत झालं. कुठलाही नट मी अर्धवट आवळला नाही, हेही सांगून ठेवतो.

इंजिन दोघांनी उचलून धक्क्यावर नेलं, ओढायच्या बोटीला मागे बसवलं. मी बोटीत उतरून पेट्रोलची नळी जोडली. प्लग आवळायला गेलो तर माझा प्लगचा पाना शेडमध्ये टेबलावर.

"पेटीतला दे," मी म्हटलं.

या बोटीला स्वतःची पेटी नव्हती, म्हणून काठावरच्या एका बोटीची पेटी तो आधीच घेऊन आला होता. पेटी माझ्याकडे सरकवायची तर मी मागच्या टोकाला, हात पोचत नव्हता. तेव्हा वायसर बोटीत उतरला. पेटी पोटाशी धरून एक पाय ठेवला, मग दुसरा. बोट हलली तसा गुडघ्यांवर बसला आणि पेटी उघडली.

प्लगचा पाना खालच्या थरात. त्याने वरची हातोडी काढली, बाजूला ठेवली. बोट कलंडली, हातोडी घसरत दुसऱ्या टोकाला गेली. तिला पकडायला तो वळला तोवर पाने निघाले. दोन पाने फळ्यांखाली गेले. पक्कड त्याने बोटीच्या काठावर ठेवली, जशी टेबलाच्या काठावर ठेवतो तशी, आणि ती पाण्यात पडली. फार आवाजही झाला नाही.

तो हातात पेचकस धरून तसाच बसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "पिनांची डबी तळाला आहे."

"मग?"

"डबी काढायला आधी नऊ वस्तू बाहेर काढाव्या लागतात. नऊ वस्तू ठेवायला टेबल लागतं."

चोवीस वर्षं एक माणूस पहाटे पावणेपाचला उठून पेट्या भरतो, त्या नजर लागावी अशा भरतो, आणि त्या सगळ्या टेबलावर उघडण्यासाठी भरलेल्या असतात. त्या क्षणी त्याला हे कळलं, आणि त्याची बायको नाकापलीकडे बंधाऱ्याच्या बाजूला होती. मी म्हटलं, "पाना दे."

त्याने दिला. मी प्लग आवळला. दोरी ओढणार, तेवढ्यात खिडकीवरच्या बाई वरून म्हणाल्या, "थांबा, ऐका."

इंजिनाचा आवाज होता. अगदी हळू, म्हातारा खोकतो तसा. टेकडीच्या नाकामागून सात नंबरचं तोंड दिसलं. माणूस चालेल त्याहून थोडी कमी गती. वायसर गुडघ्यांवर उठला आणि डोकी मोजायला लागला. बांबूचं एक, ते तर लांबूनच दिसतं. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही. मग तिसरं डोकं वर आलं, बहुतेक वाकून काहीतरी बघत असेल.

"तीन," तो म्हणाला.

आणि बोटीच्या फळीवर मांडी घालून बसला. बोट डुलत होती, खालून पाणी थपथपत होतं, आणि हा घरच्या ओट्यावर बसावं तसा. पंधरा मिनिटं ती बोट येत होती. तेवढा वेळ तो तिथून हलला नाही. आपण पाण्यावर आहोत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी आठवण करून दिली नाही.

सात नंबर धक्क्याला लागली. वहिनींचे केस एका बाजूने पूर्ण सुटलेले, बाही कोपरापर्यंत ओली. बहीण हसत होती, पण ते हसू भीती गेल्यानंतरचं. वहिनींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग तो बसला होता त्या बोटीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"तुम्ही बोटीत?" त्या म्हणाल्या.

तो खाली बघून म्हणाला, "हो की."

"बरं झालं. आता मला सांगा, ती पेटी कुणासाठी भरता? उघडायला दोन बायका, एक बांबू आणि चार जादा हात लागतात."

"काय मोडलं होतं?"

"काय मोडलं ते राहू दे. जे मोडलं त्याचं औषध तुम्ही सात मजल्यांखाली पुरून ठेवलं होतं."

बांबूने मग नीट सांगितलं. नाकापलीकडे पंखा पाण्याखालच्या खडकाला लागला. अशा वेळी पंख्यातली एक मऊ पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच मऊ केलेली असते, नाहीतर आतले दाते जातात. पिन तुटली की इंजिन छान चालतं, पंखा नुसता गरगरतो आणि बोट जागची हलत नाही. नवी पिन घातली की झालं. पाच मिनिटांचं काम. पण पिन तळाच्या डबीत. बांबूने एकेक वस्तू काढून बाकावर ठेवली, तशा त्या एकेक करून चालत्या झाल्या. हातोडी बहिणीच्या पायावर. पक्कड पाण्यात. डबी मिळाली, उघडली तर एक पिन उडून तळ्यात. उरलेली दुसरी वहिनींनी मुठीत धरली आणि म्हणाल्या, "आता ही माझ्या हातातून कुणी घ्यायची नाही. कुठे घालायची ते दाखव."

बांबूने त्यांचे पाय धरले, त्या मागच्या काठावरून ओणव्या झाल्या आणि पिन बसवली. बोटं बारीक म्हणून जमलं. पंखा अडकवून ठेवणारी दोन पायांची एक छोटी पिन असते, ती पक्कड नसल्यामुळे काढताना तुटली होती. तिच्या जागी वहिनींनी केसातला आकडा काढून घातला आणि पाय पेचकसाने वाकवले.

मी पंखा तपासला. आकडा जागेवर होता. वाकवलाही बरोबर होता. मी म्हटलं, "वहिनी, शेडमध्ये नोकरीला या."

"नको भाऊजी. पगारात केसांचे आकडे परवडायचे नाहीत."

वायसर मग बोटीतून बाहेर आला. येताना मात्र त्याला कळलं आपण कुठे होतो. मी दिलेला हात त्याने धक्क्याच्या तिसऱ्या फळीपर्यंत सोडला नाही. तो वहिनींजवळ गेला आणि त्यांच्या ओल्या बाहीचं पाणी पिळून काढायला लागला. चारचौघांत त्याला एवढंच जमलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा तीनच्या आत घरी गेला. तिघं रस्त्याने जात होती आणि वहिनींचं बोलणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सहाला पोचलो. शेड उघडी, टेबल रिकामं. वायसर धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसला होता, कंबरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक खुंटाला. मांडीत पेटी. तो वस्तू काढत होता, ठेवत होता, बोट हलवून बघत होता.

"रात्री तिने एक गोष्ट विचारली," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं? हाताशी. मोठं पातेलं कुठे? माळ्यावर. तुमच्या पेटीत पातेलं हाताशी आणि मीठ माळ्यावर."

"मग तू काय केलंस?"

"सकाळची वाट बघितली."

त्याला अकरा पेट्यांना नऊ दिवस लागले. काय आधी मोडतं हे त्याने मला आणि चालकांना विचारून घेतलं, आणि त्या क्रमाने भरलं. पिना आता झाकणाच्या आतल्या बाजूला, कापडी खिशात. एक जादा पिन चालकाच्या बाकाखाली चिकटपट्टीने लावलेली. प्रत्येक हत्याराला हातभर दोरी, दोरीचं टोक डब्याच्या कडीला. पडलं तरी लोंबकळेल, बुडणार नाही. पाने जाड कापडाच्या गुंडाळीत, एकेकाला कप्पा. लोखंडी पेट्या जाऊन झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले, जे पाण्यात पडले तरी तरंगतात. आणि प्रत्येक डब्यात केसांचे चार आकडे. ते आणायला हा टकला माणूस स्वतः दुकानात गेला होता आणि चव्वेचाळीस आकडे मागितले. दुकानदाराने त्याच्या डोक्याकडे बघितलं म्हणे. वायसर म्हणाला, "बोटीसाठी." दुकानदाराने आणखी काही विचारलं नाही.

पहिला डबा तयार झाला तेव्हा त्याने सवयीने कानाशी धरून हलवला. आत खडखड झाली. त्याचं तोंड दाताखाली खडा आल्यासारखं झालं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"वाजतोय," मी म्हटलं.

"वाजू दे," तो म्हणाला आणि दुसरा घेतला.

त्यानंतर आम्ही दोघांनी आणखी आठ वर्षं तिथं काढली. पिन मोडली, प्लग गेला, नळी फाटली. बोटी आपल्या आपण परत आल्या. ओढायची बोट बहुतेक वेळ उभीच असायची, मालक म्हणायचे विकून टाकू. दर महिन्याला एक सकाळ वायसर कंबरेची दोरी बांधून बोटीत बसायचा आणि डबे उघडून बघायचा. पुढे दोरी लांब झाली. तळ्याच्या मध्यापर्यंत मात्र तो गेला नाही. वहिनी विचारायच्या आणि तो म्हणायचा, "पुढच्या सुटीत." पण आता म्हणताना तो नजर चुकवायचा.

कामाच्या शेवटच्या आठवड्यात त्याने भिंतीवरचं ते पिवळं चित्र काढलं, टाचण्या डबीत ठेवल्या. मला वाटलं, आता कपाट येणार. निरोपाला आलेल्या बांबूने विचारलंसुद्धा, "काका, चाळीस कप्प्यांत ठेवणार काय? बत्तीस वर्षं सगळं शेडला दिलंत."

कपाट आलं नाही. त्या पैशांतून त्याने गावातल्या जलतरण तलावावर पोहण्याच्या वर्गाची वर्षभराची फी भरली, स्वतःची आणि वहिनींची. सकाळी साडेपाचचा वर्ग. उरलेल्या पैशांत पोहण्याच्या दोन टोप्या आल्या. टोपीची गरज फक्त वहिनींना होती, पण शिकवणाऱ्याने नियम आहे म्हटलं, आणि नियमाला वायसरने कधी नाही म्हटलेलं नाही.